जुन्या वाड्यांचे भाडे आणि मालकाचा हक्क

जुन्या घरांचे भाडेनियंत्रण सरसकट रद्द करावे, असे मत मांडले जाते; ते मला मान्य नाही. मालकांची तक्रार मात्र खरी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणभाडे, म्हणजे मालकाला घेता येणारे कमाल भाडे, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले, आणि पुढे पुण्यातल्या कसबा किंवा सदाशिव पेठेतल्या वाड्याची कौले शाकारण्याइतकेही पैसे भाड्यातून सुटेनात, तेव्हा डागडुजी थांबली व त्याची झळ भाडेकरूंनाच बसली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही गोठवणूक अवाजवी ठरवली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण ती मूळच्याच क्षुल्लक रकमेवर. माझ्या मते मूळ भाडे आधी वाजवी पातळीवर आणावे आणि अल्प उत्पन्नाच्या वृद्ध भाडेकरूंवरील वाढीव भार सरकारने स्वतः उचलावा.