मदत हवी आहे : स्वयंपाकघराच्या ओट्याला काच चालेल का?

नमस्कार मंडळी,

ठाण्यातल्या जुन्या इमारतीतल्या आमच्या घराचं काम काढलंय. दिवाळीच्या आत स्वयंपाकघर उरकायचं आहे. ओट्यावर सध्या कडप्पा आहे, इमारत झाली तेव्हापासूनचा. कोकम, चिंच, लिंबू जिथे जिथे सांडलं तिथे तो पांढुरका पडलाय (कडप्पा म्हणजे शेवटी चुनखडीच, आंबट त्याला खातं) आणि शेगडीच्या बाजूला तेल मुरून कायमचा चिकट पट्टा झालाय. तो काढायचा हे नक्की. त्याच्या जागी काय, इथे गाडी अडलीये.

आमची खरी अडचण अंधाराची आहे. खिडकी एकच, तीही डक्टमध्ये उघडते. भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय तांदळातले खडे दिसत नाहीत. त्यात काळा ग्रॅनाइट टाकला की संपलंच. म्हणून डिझायनरने काच सुचवली आहे : 12 मिमी जाडीची, टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली), एक्स्ट्रा क्लिअर, खालच्या बाजूने पांढरा रंग दिलेली. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे तिच्याखालचा पांढरा रंग हिरवट दिसतो, म्हणून एक्स्ट्रा क्लिअर. शोरूममध्ये नमुना पाहिला आणि खरं सांगते, मन तिथेच अडकलं. दिव्याचा उजेड त्यावर पडून वरच्या कपाटांच्या तळापर्यंत पोचत होता. हळदीचं पाणी टाकून पुसून बघितलं, डाग औषधालाही उरला नाही.

पण आमच्याकडे ओटा कसा वापरला जातो तेही सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल. सासूबाई रोज परात ओट्यावर ठेवून भाकऱ्या थापतात. लसणाची चटणी खलबत्त्यातच, आणि खलबत्ता ओट्यावरच. कुकर शिट्ट्या झाल्या की उचलून थेट बाजूला. नारळ ओट्याच्या कडेवर आपटून फोडायचा. ही त्यांची पन्नास वर्षांची सवय आहे, आणि नव्या ओट्यापायी त्यांना आपल्याच स्वयंपाकघरात बिचकत वावरावं लागावं असं मला अजिबात वाटत नाही.

दुसरी काळजी मापाची. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणजे सिंक, नळ, हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) सगळ्याची मापं आधी पक्की हवीत. ओटा एल आकाराचा, भिंती काटकोनात नाहीत, आणि आमचे प्लंबर नळाची जागा शेवटच्या दिवशी ठरवतात. कोपऱ्यात जोड येणार, त्यात सिलिकॉन भरणार, ते वर्षभरात काळं पडणार का? लिफ्ट नाही, तिसरा मजला. कुणी घरात प्रत्यक्ष वापरली असेल तर कृपया सविस्तर लिहा. नॅनो व्हाइटचा (कारखान्यात बनणारा पांढराशुभ्र कृत्रिम दगड) अनुभव असेल तर तोही चालेल.

प्रतिसाद

ताई, काचेच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो. टफन्ड करताना काच सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचा झोत मारतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागाहून, त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो. साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट मजबूत होते ती यामुळे. मधोमध परात ठेवून भाकरी थापा, काही होणार नाही. कुकरचंही भय नाही. पण कडा आणि कोपरे हा तिचा जीव. तिथे नारळ आपटला तर तडा जाऊन थांबत नाही, अख्खा ओटा क्षणात बारीक तुकड्यांचा ढीग होतो. आणि खलबत्त्याचे घाव एकाच जागी रोज बसणार, ते मी माझ्या घरातही चालू देणार नाही.

तरी घेतलीतच तर तळाला सलग, सपाट आधार हवा. खाली वाळूचा एक कण राहिला तरी सगळा भार त्या टोकावर येतो. हीट सोक केलेली, म्हणजे टफन्ड झाल्यावर मुद्दाम पुन्हा तापवून पारखलेली काच मागा. निकेल सल्फाइडचा कण आत राहिला तर काच महिन्यांनी, वर्षांनी, कुणी हात न लावताही फुटू शकते. हीट सोकमध्ये तसले बहुतेक तुकडे कारखान्यातच फुटून बाद होतात. काचेवर आयएस 2553 चा (सुरक्षा काचेचं भारतीय मानक) शिक्का बघून घ्या. सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मागच्या रंगाला खातं.

प्रतिसाद

आमच्याकडे काचेचा ओटा आहे, पुण्यात, बोअरचं पाणी. डाग मुरत नाहीत हे शंभर टक्के खरं. पण क्षाराचे ठिपके, बोटांचे ठसे, स्टीलच्या भांड्याच्या बुडाला चिकटलेल्या कणाने उठलेला ओरखडा, हे सगळं उजेडात दिसतं. दिवसातून तीनदा कोरडं पुसते.

तुम्हाला उजेड हवाय ना? मग काच ओट्याऐवजी दाडोला, म्हणजे ओट्याच्या वरच्या भिंतीच्या पट्ट्याला लावा. समोरची उभी भिंत जेवढा उजेड परत फेकते तेवढा ओटा फेकत नाही, कारण ओट्यावर कायम भांडी असतात. फक्त शेगडीमागचा तुकडा टफन्डच घ्या. साधी लॅकर्ड (मागून रंग दिलेली, टफन्ड न केलेली) काच तिथे उष्णतेने तडकते, आमच्या शेजारी तडकली आहे. नॅनो व्हाइट दिसायला सुरेख, पण कडेचा टवका उडाला की नीट सांधता येत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दादा, कडांचं वाचून सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, नारळ पायरीवर फोडेन, पण खलबत्ता ओट्यावरच राहील. तेव्हा ओट्याला काच नको, हे आज ठरलं. दाडोला मात्र पांढरी टफन्ड काच, ओट्यापासून वरच्या कपाटांपर्यंत सलग, आणि कपाटांखाली एलईडी पट्टी. स्विचबोर्ड दाडोवरच आहेत, त्यामुळे त्यांच्या खाचांची मापं इलेक्ट्रिशियनकडून आधी लिहून घेणार.

आता ओट्यासाठी फिकट ग्रॅनाइट बघते आहे. फिकट दगड पाणी-तेल जास्त पितात असं दुकानदारच म्हणाला. नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब ठेवून पंधरा मिनिटांनी पाहिलं, दोन तुकड्यांवर काळसर ओला डाग उठला, एक कोरडा राहिला. तोच घ्यावा असं वाटतंय. सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारा लेप) मारल्यावर हळद-तेल खरंच थोपतं का, आणि तो किती वर्षांनी पुन्हा मारावा लागतो? फिकट ग्रॅनाइटवर रोजचा महाराष्ट्रीय स्वयंपाक करणाऱ्यांनी जरूर सांगा. शनिवारी स्लॅब निवडायला जायचं आहे.