लातुरात राहून चित्रावर घर चालतं का? माझं मत: चालतं, पण जमीन गहाण टाकून नाही

कुंचला_लातूर:
गेल्या आठवड्यात एक पोरगा आला होता. जी.डी. आर्ट म्हणजे चित्रकलेची पदविका झालीय, हात चांगला आहे. म्हणाला, "सर, मुंबईत एकल प्रदर्शन लावतो, बाबा एक एकर गहाण टाकायला तयार आहेत." मी त्याला नको म्हणालो. जरा तोडूनच बोललो, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

अठरा वर्षं मी नोकरीशिवाय चित्रावर घर चालवतोय. मुख्य आधार व्यक्तिचित्रांचा. आमच्याकडं वर्षश्राद्धाला वडलांचं तैलचित्र लागतं. हातात येतो तो रेशनकार्डावरचा फोटो, नखाएवढा, कपाळावर शिक्का उमटलेला. घरचे म्हणतात, "यात टोपी आहे, तुम्ही आबांना फेटा बांधा." शिक्क्याखालचं कपाळ मी थोरल्या मुलाला समोर बसवून काढतो. निम्मा इसार हातात पडल्याशिवाय कॅनव्हास ताणत नाही.

पण एकाच कामावर राहू नका. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माझ्याकडं एकही व्यक्तिचित्र आलं नाही. ते वर्ष शिकवणीनं तारलं. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात, त्यामुळं दुष्काळातही पालक ती फी मोडत नाहीत. आणि पहाटेचे दोन तास स्वतःच्या चित्राचे, त्यात गिऱ्हाईक नाही.

पाथरी_ते_मुंबई:
सर, आदर ठेवून विरोध करायलो. बारा वर्षं मीही परभणीत फेटेच बांधले. हात सरावतो हो, पण मग स्वतःच्या चित्रातली माणसंही तशीच तुकतुकीत व्हायला लागतात, सुरकुत्या आपोआप गळतात. मला हे कळलंच नव्हतं. मुंबईत एका ज्येष्ठ चित्रकारानं माझ्या चित्रातल्या आजीकडं बोट दाखवून विचारलं, "या बाईनं कधी ऊन पाहिलंय का?" रात्रभर झोपलो नाही.

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे, तिथं प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षं लागतात, मान्य. पण मधल्या काळात समूह प्रदर्शनं असतात, दुसऱ्यांची चित्रं समोर असतात. लातुरात तुमचं चित्र चुकलंय हे तुम्हाला कोण सांगतं?

भिंतवाली_संभाजीनगर:
दादा, मुंबईचं भाडं कोण भरतं तेही लिहा की. जमिनीबाबत सरांचं शंभर टक्के बरोबर.

पण सर, मागणीच्या कामाचं एवढं कौतुक नको. एका शाळेच्या बोलक्या भिंती मी जूनमध्ये रंगवल्या. लोणा आलेली भिंत, खरवडून प्रायमर मारण्यातच चार दिवस गेले. बिल निघालं मार्चअखेर. तोवर रंगाच्या दुकानातली उधारी माझ्या नावावर.

आणि नुसत्या इसारानं भागत नाही, कागद करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढलं आणि वेगळा करार नसला, तर पहिला हक्क सांगणाऱ्याचा. मी एकांना गोरोबाकाकांचं चित्र करून दिलं होतं. दोन वर्षांनी ते किराणा दुकानात कॅलेंडरवर दिसलं. खाली माझं नाव नव्हतं, आणि भांडायला हातात कागदही नव्हता.

किनवटकर:
पोटाच्या कामानं हात मरतो हे पटत नाही. चित्रकार एस. एम. पंडित बघा. १९१६ चा जन्म, गुलबर्ग्याचे, म्हणजे आपल्याच निजामी मुलखातले. कॅलेंडरं केली, सिनेमाची पोस्टरं केली. आजही लोक ती चित्रं जपून ठेवतात.

पाथरी_ते_मुंबई:
पंडितांचं ते काम मुंबईतच झालं ना काका? मी तेच तर म्हणायलो.

कुंचला_लातूर:
ताई, कलम १७ मला माहीत नव्हतं. अठरा वर्षांत एकदाही कागद केला नाही. आता इसाराच्या पावतीवरच चार ओळी घालतो: छपाईचा हक्क माझा, खाली दोघांच्या सह्या.

जमिनीबद्दल मात्र मी हटणार नाही. आठ दिवसांच्या प्रदर्शनासाठी सातबाऱ्यावर बोजा चढवला आणि चित्रं गुंडाळून परत आणावी लागली, तर त्या पोराच्या घरात पुन्हा कुणी ब्रश हातात धरू देणार नाही. त्यानं मुंबईला जावं, पण समूह प्रदर्शनात दोन चित्रं घेऊन, एसटीनं.

दादा, तुमचा प्रश्न मात्र लागला. इथं मला "छान झालंय"च्या पुढं कुणी काही सांगत नाही. काल तुमचं वाचून पहाटेची चित्रं काढून बघितली. भिंतीकडं तोंड करून ठेवलेली चौदा आहेत. त्यातल्या एकात माझी आई आहे, रानात खुरपत बसलेली, आणि तिच्याही कपाळावर आठी नाही.

दिवाळीला पाथरीला येणार असाल तर एक दिवस लातूरला या. त्या पोरालाही बोलावून घेतो. चौदाही बाहेर काढून ठेवतो, एकेक बघून सांगा.