क्रूझवर जादा पैसे देऊन जेवणं परवडतं का? तुमचे अनुभव लिहा

निळाई:
क्रूझचं तिकीट काढलं की मेल यायला लागतात. स्टेकहाउसवर सूट, शेफ्स टेबलच्या (मोजक्या पाहुण्यांसाठी मुख्य शेफने मांडलेलं खास जेवण) मोजक्या जागा, रोज रात्री वेगळं रेस्टॉरंट देणारं पॅकेज. आणि घरात तोच प्रश्न निघतो: जेवण भाड्यातच धरलंय ना, मग हे वेगळे पैसे कशाला?

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बहुतेक मोठ्या जहाजांवर मेन डायनिंग रूम, बुफे आणि एखाददुसरा पिझ्झा किंवा बर्गरचा काउंटर भाड्यात येतो. स्टेकहाउस, इटालियन, सुशी, तेप्पान्याकी (समोरच्या तव्यावर शेफ शिजवून देतो ते जपानी जेवण) यांना बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडतात. ते दोन प्रकारे घेतात. एक म्हणजे कव्हर चार्ज, माणशी ठरलेली रक्कम, मग किती का खाल्लं असेना. दुसरा प्रकार अ ला कार्ट, प्रत्येक पदार्थाचे वेगळे पैसे. वर बऱ्याच कंपन्या १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज लावतात, आणि जाहिरातीतल्या आकड्यात तो बहुधा धरलेला नसतो. तुलना करताना तो मिळवूनच बघा.

माझं मत आधीच सांगते. एका सफरीत एक जेवण, नीट निवडून, पैसे देऊन जरूर करावं, रोज नको. तुम्ही ज्यासाठी पैसे मोजता ते लहान किचन आणि निवांत टेबल असतं. मेनूवरची नावं बरीचशी मेन डायनिंग रूममध्येही सापडतात.

तुम्ही कुठे जेवलात, काय मागवलंत आणि पुन्हा पैसे द्याल का, हे लिहा. नुसतं 'छान होतं' नको, काय छान होतं ते सांगा.

दोघे भटके:
आम्ही दोघं मेन डायनिंग रूमवर खूश असणारी माणसं. तिथला वेटर दुसऱ्या संध्याकाळी आपल्याला ओळखतो, कोणाला बर्फाशिवाय पाणी लागतं हे त्याच्या लक्षात असतं. सूप, पास्ता, गोड, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. पण स्टेक आणि मासा कधी मनासारखे आले नाहीत. मीडियम रेअर सांगितलेला स्टेक टेबलावर येईपर्यंत आतून करडा झालेला असायचा.

लग्नाच्या वाढदिवसाला स्टेकहाउसमध्ये गेलो. बायकोने डोव्हर सोल मागवला होता. वेटरने अख्खा मासा बाजूच्या ट्रॉलीवर आणला, दोन चमच्यांनी वरचं मांस अलगद बाजूला केलं आणि मधला काटा शेपटीपासून डोक्यापर्यंत एका झटक्यात उचलला. एक कुसळ राहिलं नाही. माझा स्टेक आल्यावर म्हणाला, आधी मधोमध कापून बघा. कापला, आत हवा तसा गुलाबी होता, मग तो पुढे गेला. तसा नसता तर परत घेऊन गेला असता, म्हणून तर उभा राहिला होता. या दोन गोष्टींसाठी मी पुन्हा आनंदाने पैसे देईन. तिथला पास्ता मात्र मेन डायनिंग रूमपेक्षा काही वेगळा लागला नाही.

गॅलीतला:
मी काही वर्षं जहाजाच्या किचनमध्ये होतो, त्यामुळे वरच्या स्टेकचं कारण सांगू शकतो. मोठ्या जहाजावर मेन डायनिंग रूममध्ये एकेका वेळेला हजाराच्या वर माणसं बसतात. पहिली पंगत उठते, टेबलं पुन्हा मांडली जातात, दुसरी बसते. एवढ्या लोकांना एकाच वेळी गरम जेवण द्यायचं तर बराच भाग आधी तयार ठेवावा लागतो. मांस भाजून गरम कपाटात जातं, ताट भरलं की वर झाकण, मग वेटर आठ-दहा ताटांची चळत ट्रेवर घेऊन निघतो. काही जहाजांवर गॅली, म्हणजे जहाजाचं किचन, एका डेकवर आणि टेबलं दुसऱ्या डेकवर असतात, तेव्हा तो ट्रे खांद्यावर घेऊन सरकत्या जिन्याने जावं लागतं. या सगळ्या वेळात झाकणाखाली स्टेक शिजतच राहतो. आचारी तोच असला तरी फरक पडणारच. उलट मंद आचेवर तासन् तास शिजलेलं मांस, सूप, स्टू यांना या वाटेचा त्रास होत नाही. म्हणून मेन डायनिंग रूममध्ये ब्रेझ केलेलं, म्हणजे असं रश्शात मंद शिजवलेलं, काहीतरी मागवावं, ते बहुतेक वेळा उत्तम निघतं.

पैसे देऊन जायच्या रेस्टॉरंटमध्ये शंभरेक खुर्च्या, स्वतःचं किचन किंवा निदान स्वतःची शेगडी, आणि ऑर्डर आल्यावर मांस आचेवर. खरा फरक एवढाच. ब्रेड मात्र बऱ्याचदा खालच्या त्याच बेकरीतून येतो.

आणखी एक. आगीच्या भीतीने जहाजावर उघडी ज्योत टाळतात, स्वयंपाक बहुतांशी विजेवर होतो. त्यामुळे मोठ्या ज्वाळेवर परतलेल्या नूडल्सचा जो धुरकट वास असतो, तो जहाजावरच्या आशियाई रेस्टॉरंटमध्ये शोधू नका. तिथे वाफवलेलं किंवा कच्च्या माशाचं मागवा. तेप्पान्याकीची सपाट तवी विजेवर चांगली तापते, तिथे काही कमी वाटत नाही.

स्वच्छतेसाठी जादा पैसे द्यायचं काही कारण नाही. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजांची तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेकडून अचानक तपासणी होते, १०० पैकी गुण मिळतात आणि ८५ किंवा त्याखाली आले तर नापास. त्या तपासणीत बुफेचा काउंटर आणि महागडं रेस्टॉरंट दोन्ही येतात.

चिमुकल्यांची आई:
लहान मुलं बरोबर असतील तर स्टेकहाउसच्या वाटेला जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. जेवण दोन-अडीच तास चालतं. दोन पदार्थांच्या मधे वीस मिनिटं जातात, तेवढ्यात धाकटीचा ब्रेड संपलेला असतो आणि ती टेबलाखाली गेलेली असते. वेटर कितीही प्रेमळ असले तरी शेजारच्या टेबलावरची माणसं निवांतपणासाठी पैसे मोजून आलेली असतात, त्याचंच दडपण येतं.

तेप्पान्याकी मात्र मुलांना फार आवडलं. शेफ तव्यावर अंडं उलथन्यावर झेलतो, कांद्याच्या चकत्यांचा ज्वालामुखी करतो. माझी दोघं खुर्चीवरून हलली नाहीत. टेबल अनोळखी लोकांबरोबर असतं, आवाज असतो, म्हणून मुलांचा आवाज खपून जातो. बऱ्याच ठिकाणी मुलांना कमी दर असतो, तो विचारून घ्या.

आम्ही दोघं एकटे एकदाच गेलो, मुलं किड्स क्लबमध्ये ठेवून. डिस्नीच्या जहाजांवरचं पालो हे रेस्टॉरंट फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, आणि तशा जागेत पहिल्यांदा कळलं की सफरीत नवऱ्याशी सलग बोलणं झालंच नव्हतं. त्या संध्याकाळचे पैसे मला अजिबात जास्त वाटत नाहीत.

हिरवं ताट:
मी शाकाहारी, आणि बहिणीला दाण्यांची कडक ॲलर्जी. आमच्यासाठी हा हिशोबच वेगळा आहे.

कव्हर चार्ज असलेल्या स्टेकहाउसमध्ये मी शेजाऱ्याइतकेच पैसे भरले. मेनूत माझ्यासाठी मशरूमचं काहीतरी एक, बाकी सगळ्या साइड डिश: बटाटा, पालक, शतावरी. चव चांगली होती, पण ज्या मांसासाठी तो दर लावलेला असतो ते मी खात नाही, मग दर तोच का? शाकाहारी असाल तर अ ला कार्ट असलेलं इटालियन बघा, जे खाल त्याचेच पैसे द्याल.

उलट मेन डायनिंग रूममध्ये बहिणीची जी काळजी घेतली तिला तोड नाही. पहिल्या रात्री हेड वेटरला ॲलर्जी सांगितली. त्यानंतर रोज जेवण संपताना तो दुसऱ्या दिवशीचा मेनू घेऊन यायचा, बहीण त्यातलं निवडायची, आणि दुसऱ्या दिवशी तिचं ताट किचनमधून वेगळं यायचं. हे भाड्यातच आहे. एका दुसऱ्या जहाजावर, नाव लिहीत नाही, पैसे भरलेल्या रेस्टॉरंटमध्ये ॲलर्जीचं बुकिंगच्या वेळी लिहूनही टेबलावर कोणालाच माहीत नव्हतं. वेटर आत जाऊन विचारून आला तोवर बहीण घाबरून नुसतं पाणी पीत बसली होती. बुकिंगमध्ये लिहिलं असलं तरी बसल्याबसल्या पुन्हा तोंडी सांगा, आणि वेटरला नको, हेड वेटरला सांगा.

बोर्डिंगपास:
मी रोजच्या पॅकेजबद्दल लिहितो, कारण जाहिराती त्याच्याच जास्त येतात. कागदावर हिशोब सुंदर दिसतो: रोज वेगळं रेस्टॉरंट घेतलं तर दर जेवणाचा भाव निम्म्यावर येतो. प्रत्यक्षात आमच्या जहाजावर पहिल्या रात्रीची जागा कंपनीने ठरवली, बाकीच्या चढल्यावर घ्यायच्या होत्या. रांगेत आमचा नंबर लागेपर्यंत संध्याकाळी साडेपाच किंवा रात्री साडेनऊ एवढंच उरलं होतं. बंदराच्या दिवशी दिवसभर चालून आलो की अडीच तास बसायचं त्राण नसे, आम्ही बुफेत जाऊन झोपायचो. त्या रात्रीचे पैसे आधीच गेलेले. शिवाय तीन रात्री लागोपाठ स्टेकहाउस पद्धतीचं जेवल्यावर चौथ्या दिवशी कोणाला साधं सूपच हवं असतं.

ज्यांची सफर लांब आहे, समुद्रातले दिवस (बंदर न लागणारे) जास्त आहेत आणि ज्यांना मेन डायनिंग रूमची गर्दीच सहन होत नाही, त्यांना पॅकेज कामाचं असेल. घेण्याआधी एवढं विचारा: कोणती रेस्टॉरंट त्यात धरलेली नाहीत? शेफ्स टेबल बहुधा नसतं.

जुनी जहाजं:
ही पद्धत आजची नाही. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनच्या 'अमेरिका' जहाजावर रिट्झ-कार्लटन या हॉटेलच्या नावाचं अ ला कार्ट रेस्टॉरंट निघालं. १९१२ साली 'टायटॅनिक'वरही पहिल्या वर्गासाठी असंच रेस्टॉरंट होतं. तिथे वेगळे पैसे द्यावे लागत, पण डायनिंग सलूनमध्ये (तेव्हाची मेन डायनिंग रूम) अजिबात न जेवता सगळी जेवणं रेस्टॉरंटमध्येच करणार असं तिकीट काढतानाच ठरवलं, तर भाड्यात सूट मिळे. ते सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत उघडं असे, बिगुल वाजला की जेवायला जायचं बंधन तिथे नव्हतं. १९३६ च्या 'क्वीन मेरी'वर व्हरांडा ग्रिल होतं, तिथेही जादा आकार.

तेव्हाही लोक आपल्या वेळेला आणि आपल्या माणसांबरोबर जेवता यावं म्हणून पैसे मोजत होते. फक्त ती भाड्यातली सूट आज कोणी देत नाही, आणि ती परत यावी असं मला मनापासून वाटतं. मी बुफेत आणि मेन डायनिंग रूममध्ये जेवणारच नसेन तर त्याचे पैसे का भरावे?

शांतताप्रेमी:
बाबांना ऐकू कमी येतं, कानात यंत्र आहे. मेन डायनिंग रूममध्ये शेकडो लोकांची बोलणी, काटेचमचे, मधेच एखाद्याच्या वाढदिवसाचं गाणं. यंत्रातून त्यांना नुसता गोंगाट ऐकू यायचा. ते मान हलवत हसत राहायचे आणि आम्हाला कळायचं की ते संभाषणात नाहीत. एका संध्याकाळी वरच्या डेकवरच्या इटालियनमध्ये कोपऱ्यातलं टेबल मागून घेतलं. खाली गालिचा, वर छत बुटकं, जेमतेम अर्धी टेबलं भरलेली. बाबा बोलायला लागले ते थांबेचनात. आईला पहिल्यांदा कुठे पाहिलं ते त्यांनी त्या रात्री आम्हाला सांगितलं. रिसोट्टो जरा खारट होता.

ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत त्यांना माझं सांगणं, बुकिंग करताना 'कोपऱ्यातलं, गाणंबजावण्यापासून लांबचं टेबल' असं स्पष्ट लिहा. आम्ही त्यानंतर पुन्हा तिथेच गेलो, पुन्हा पैसे भरून.

समुद्रपक्षी:
मी एकदाही पैसे भरलेले नाहीत आणि भरणार नाही. समुद्रातल्या दिवशी मेन डायनिंग रूममध्ये दुपारी जेवा. सगळी गर्दी बुफेत असते, इथे खिडकीजवळचं टेबल आणि मोकळा वेटर मिळतो. निवांतपणा हवा ना, तो हाच, आणि फुकट. मात्र बारीक लक्ष ठेवा, कारण मेन डायनिंग रूमच्या मेनूवरही काही कंपन्यांनी आता अमुक स्टेक किंवा लॉबस्टर जादा पैशांत असे पदार्थ घुसवलेत. हे मला अजिबात पटत नाही. भाडं घेताना सांगितलेलं जेवण पूर्ण असलं पाहिजे.

ओशेनिया किंवा व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर खास रेस्टॉरंट भाड्यातच धरलेली असतात. त्यांचं भाडं आणि साध्या जहाजाचं भाडं अधिक चार जेवणं, अशी बेरीज करून बघा, कधीकधी फार अंतर उरत नाही.

निळाई:
सगळ्यांचे आभार, विशेषतः गॅलीतल्या दादांचे. ब्रेझ केलेलं मागवा ही सूचना मी लगेच लिहून घेतली. समुद्रपक्षी, दुपारच्या जेवणाबद्दल पूर्ण सहमत. पण शांतताप्रेमींनी लिहिलेली संध्याकाळ दुपारच्या रिकाम्या डायनिंग रूममध्ये मिळेल का, याची मला खात्री वाटत नाही, कारण दुपारी घरातले सगळे एकत्र असतात कुठे?

ज्यांनी निरोपातून विचारलं त्यांच्यासाठी: चढण्याच्या दिवशी रात्री ही रेस्टॉरंट बरीच रिकामी असतात आणि अनेकदा त्या रात्रीपुरती सूट असते, म्हणून चढल्याचढल्या तिथे जाऊन विचारा. जी समुद्रातल्या दिवशी दुपारी उघडतात तिथे बहुधा तेच किचन कमी दरात मिळतं. संध्याकाळचं बुकिंग करताना त्या रात्रीच्या शोची वेळ आधी बघा. आणि रद्द करायची मुदत वाचा, बऱ्याच ठिकाणी २४ तास आधी कळवलं नाही तर पैसे कापतात. समुद्र खवळलेला असेल तर हे आदल्या संध्याकाळीच ठरवावं लागतं.

शेफ्स टेबलचा अनुभव अजून कोणी लिहिला नाहीये. कोणी गेलं असेल तर सविस्तर लिहा, मला पुढच्या सफरीसाठी हवं आहे.