मेरी-गो-राउंडच्या जुन्या घोड्याचा रंग खरवडावा की राहू द्यावा?

रंधा
अमेरिकन जत्रांतला जुना लाकडी घोडा दिवाणखान्यात ठेवायचा तर आधी पूर्ण खरवडा आणि 'मूळ' रंगात रंगवून घ्या, हा सल्ला सरसकट दिला जातो. माझा विरोध आहे. जत्रावाले हंगामापूर्वी स्वतःच नवा हात मारत, त्यामुळे घोड्याच्या बासवुडवर, म्हणजे मऊ कोरीवकामाच्या लाकडावर, रंगाचे डझनभर थर सापडणं नवल नाही. ती त्या घोड्याची कुंडली आहे. वर चकचकीत एनॅमल मारलं की डेंट्झेल या फिलाडेल्फियाच्या नामांकित जुन्या कारखान्याचा घोडा आणि आजची नक्कल दुरून सारखेच. कोलोराडोत बर्लिंग्टनला फिलाडेल्फिया टोबॉगन कंपनीचं १९०५ चं मेरी-गो-राउंड आहे. त्याची ४६ जनावरं मूळ रंगासाठीच नावाजली जातात.

ढलपी
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. बर्लिंग्टनला रंग कारखान्यातला आहे. तुम्ही वाचवायला निघालात तो नंतर कुणीतरी डब्यातून काढून फासलेला. अमेरिकन मेरी-गो-राउंड घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, म्हणून घोड्याची उजवी बाजू प्रेक्षकांकडे येते आणि कोरीव काम, काचेचे खडे सगळं तिकडेच. डझनभर थरांखाली आयाळीच्या बटा बुजतात, खोगिराच्या कडा गोल होतात. कोरणाऱ्याचं काम दिसणारच नसेल तर घेतलं काय? शिवाय शिसं. १९७८ पूर्वीचा रंग, त्यात पापुद्रे सुटलेले आणि घरात रांगतं मूल!

रंधा
शिशाची भीती रास्त, पण उपाय उलटा. कोरडं खरवडलं की शिशाची धूळ घरभर, आणि हीट गन ६०० अंश सेल्सियसच्या आसपास नेली की शिशाच्या वाफा. पापुद्रा पातळ सरसाने जागेवर बसवा, वरून पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक, पुन्हा विरघळवता येणाऱ्या रेझिनचा हात द्या. मूल घोड्याला चाटणार असेल तर घोडा त्या खोलीत नकोच.
आणि 'स्ट्रिप' म्हणून कॉस्टिकच्या (तीव्र अल्कलीच्या) टाकीत बुडवून आणतात, ते तर घातकच. हे घोडे एका ओंडक्यातले नसतात. धड म्हणजे फळ्या जोडलेली पोकळ पेटी, पाय-मान लाकडी खुंट्या आणि सरसाने बसवलेले. टाकीत सरस विरघळतो, सांधे उघडतात. क्षार लाकडात राहतो आणि पुढे नवा रंगही ढकलून काढतो.

सरसवाला
दोघेही बघण्याआधीच भांडताय. आधी रंगात तपासणीची छोटी 'खिडकी' उघडा. आतल्या, म्हणजे डाव्या बाजूला आणि खोगिराच्या कडेखाली इंचभर चौकोन घ्या. स्काल्पेलने एकेक थर पायरीपायरीने उघडत लाकडापर्यंत जा, प्रत्येक पायरीचा फोटो काढा. तळचा रंग बऱ्यापैकी सलग असेल तर वरचे थर हाताने उतरवणं सार्थकी लागतं. पण ते काम महिन्यांचं, पगारी माणसाचं, आणि खर्च घोड्याच्या किमतीला गाठू शकतो. तळात तुकडेच उरले असतील तर खरवडून हाती काहीच लागत नाही. तेव्हा पॅरालॉइडचा थर मधे ठेवून वर रंगवा. उद्या कुणाला नकोसं झालं तर ॲसिटोनने तो थर सोडवून वरचं काढता येतं.

ढलपी
टाकीबद्दल हार मानतो, बाकी नाही. फिरत्या जत्रांसाठी बनलेले पार्कर किंवा हर्शेल-स्पिलमनचे साधे घोडे असतील तर जत्रेचा रंग खुशाल ठेवा, कोरीवकाम तसंही बेताचं. डेंट्झेलसारख्या, फिलाडेल्फिया पद्धतीच्या बारीक कोरीवकामाच्या घोड्याला तो न्याय लावू नका.

खुंटी
रंगाआधी घोडा खरा आहे का ते बघा. इंडोनेशियात कोरलेल्या नकला 'अँटिक' म्हणून खपतात: भरीव, जड लाकूड, लांब भेगा आणि झीज सगळीकडे सारखी. खरी झीज रिकिबीपाशी, खोगिराच्या पाठीवर आणि मुलं पकडायची त्या जागी असते. दांड्याचं भोक खोगिराच्या पुढे आरपार हवं.
घोडा भिंतीवर टांगू नका. जिप्समच्या भिंतीची ती ताकद नाही. जड तळपट्टी आणि दांडा, एवढं पुरे. हिवाळ्यात हीटरमुळे हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांखाली जाते आणि सांधे उघडतात, तेव्हा ४५ ते ५५ टक्के राखा.

रंधा
हे मान्य. पण ढलपी, 'साधे' घोडे राहू द्या आणि भारी घोडे उघडा हा नियम पटत नाही. भारी घोड्यावर जास्त हात फिरलेत, म्हणून तर तिथे शिल्लक राहिलेला जुना रंग जास्त दुर्मीळ.

ढलपी
दुर्मीळ असेल, पण सुंदर नाही. दिवाणखान्यात मला घोडा बघायचाय, रंगाचा इतिहास नाही.