सीडीएमएच्या अपलिंकचं कोडं कुणी सोडवून देईल का? मदत हवी आहे

मंडळी, ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) शेवटच्या वर्षाला आहे, वायरलेसची ओरल तोंडावर आलीये आणि मल्टिपल ॲक्सेसमध्ये (एकच स्पेक्ट्रम अनेक मोबाइलनी वाटून घेणं) एकाच ठिकाणी गाडी अडलीये.

एफडीएमए (ज्याला त्याला वेगळी फ्रिक्वेन्सी), टीडीएमए (ज्याला त्याला वेगळी वेळ) कळलं. जीएसएममध्ये दोन्ही एकत्र, म्हणजे २०० किलोहर्ट्झचा कॅरिअर, त्यात ८ टाइम स्लॉट, नळावर नंबर लावल्यासारखं ज्याने त्याने आपल्या पाळीला बोलायचं. ठीक.

पण आयएस-९५ या स्टँडर्डच्या सीडीएमएत (ज्याला त्याला वेगळा कोड) सगळे एकाच वेळी त्याच १.२५ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात, डाउनलिंकला (टॉवरकडून मोबाइलकडे) ६४ वॉल्श कोड असतात, ते ऑर्थोगोनल म्हणून गुणून बेरीज केली की दुसऱ्याचा सिग्नल शून्य, हे वहीत ४ चिपचे (चिप म्हणजे कोडमधला एकेक +१/-१) कोड घेऊन करून बघितलं, येतं बरोबर. मग अपलिंकला (मोबाइलकडून टॉवरकडे) युजर वेगळे करायला वॉल्श सोडून लाँग पीएन कोड (स्यूडो-नॉइज, रँडम वाटणारा लांब कोड) कशाला? मला वाटतं प्रत्येक मोबाइलचं अंतर वेगळं, सिग्नल मागेपुढे पोचतात आणि कोड एखाद्या चिपने जरी सरकला तरी ऑर्थोगोनॅलिटी गेली. बरोबर आहे का हे? आणि टॉवरजवळचा मोबाइल लांबच्याला दाबून टाकतो तेही यामुळेच का, ज्यासाठी सेकंदाला ८०० वेळा पॉवर कंट्रोल करावा लागतो? एवढा महत्त्वाचा निअर-फार प्रॉब्लेम आमच्या नोट्समध्ये दोन ओळींत उरकलाय!

अजून एक, एलटीईत (फोरजी) डाउनलिंकला ओएफडीएमए (डेटा अनेक सबकॅरिअरवर वाटून) पण अपलिंकला एससी-एफडीएमए (सिंगल कॅरिअरसारखा सिग्नल), हे फक्त पीएपीआर (सिग्नलच्या पीक आणि सरासरी पॉवरचं गुणोत्तर) कमी ठेवून मोबाइलची बॅटरी वाचवायला की आणखी काही कारण आहे?

व्हिडिओच्या लिंक नकोत प्लीज, भरपूर बघून झालेत, तुमच्या शब्दांत सांगा.