अष्टमीचा फराळ: भगरीबद्दल (सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी: अष्टमीला दुपारी १२ वाजता क्लबहाऊसमध्ये १२० जणांचा फराळ आहे. भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, थालीपीठ. भगरीचं सुटं पीठ आणतोय, स्वस्त मिळतंय.

बी-२०३: सुटं पीठ नकोच. नवरात्रात भगरीतून विषबाधा होते ती बहुतेक पिठातून. जुना साठा, पावसाळी दमट हवा, त्यात अस्परजिलस बुरशी वाढते आणि विषद्रव्यं तयार करते. पीठ ओल लवकर धरतं आणि त्यातली बुरशी डोळ्यांना दिसतही नाही. शिजवल्यावर बुरशी मरते, पण विष सहसा उरतंच. उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं ही त्याची लक्षणं.

ए-५०२ काकू: अख्खी पाकीटबंद भगर घ्या. पॅकिंगची तारीख, एफएसएसएआय क्रमांक बघा, बिल जपून ठेवा. निवडून तीन-चार पाण्यांत धुवायची, कापडावर पातळ पसरून उन्हात कडकडीत वाळवायची. थालीपिठापुरतीच आदल्या दिवशी दळू. माझी घरघंटी आहे, आणून द्या.

सेक्रेटरी: चालेल काकू. भगर सकाळी ८ ला शिजवून ठेवली तर?

सी-१०४ (केटरिंग): नको. माणशी ६० ग्रॅम धरली तर सात-साडेसात किलो भगर होते. एका टोपात शिजवली तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथेच जंतू वाढतात. दोन टोप करा, पहिला ११ ला, दुसरा पंगत बसल्यावर. आमटी मंद आचेवर वाफाळतीच ठेवा, ६० अंशांखाली येऊ द्यायची नाही. बटाटे रात्री उकडून, सोलून ठेवू नका. कुटासाठी दाणे निवडा. काळे, सुरकुतलेले, खवट सगळे बाहेर, त्यातही बुरशीचं विष असतं.

बी-२०३: वाढणाऱ्यांच्या हातावर कापलेलं, पिकलेलं काही असेल तर त्यांना वाढायला लावू नका. त्या जखमेतले जंतू अन्नात जे विष सोडतात, ते पुन्हा उकळूनही जात नाही.

सेक्रेटरी: उरलेलं वॉचमन, मावशींना देतो दरवर्षी.

सी-१०४: त्यांना सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीलाच गरम वाढा. दोन तास टेबलावर राहिलेलं कुणालाच नको.

ए-५०२ काकू: अगदी बरोबर. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून फ्रिजमध्येही ठेवा, कुणाला त्रास झाला तर तपासायला लागते. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस घोटघोट द्या. चक्कर, थरथर दिसली तर मात्र घरी थांबू नका, थेट दवाखान्यात.