'नागाशीबिना'ला मराठीत काय म्हणावं?

मुलांच्या मासिकासाठी जपानमधल्या एका प्रथेवर लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. ३ मार्चला तिकडे मुलींचा सण असतो, हिनामात्सुरी. त्याच्याशी जोडलेली जुनी प्रथा म्हणजे नागाशीबिना. लेकरांची दुखणीखुपणी घेऊन जाव्यात म्हणून कागदाच्या बाहुल्या पाण्यात सोडतात. मी 'बाहुल्यांचं विसर्जन' लिहिलं, पण मनाला पटेना. दुसरा शब्द सुचवाल का? आणि हे 'बिना' काय आहे?

प्रतिसाद :
'बिना' म्हणजे 'हिना'च. जोडशब्दात दुसऱ्या पदाच्या सुरुवातीच्या 'ह'चा बऱ्याचदा 'ब' होतो. 'हिना' म्हणजे पक्ष्याचं पिल्लू, त्यावरून इवलीशी बाहुली. 'नागासु' म्हणजे प्रवाहात सोडणं.

विसर्जन मात्र नको. ज्याला आवाहन करून बोलावलं, त्याला निरोप देताना आपण विसर्जन म्हणतो. अक्षता टाकताना 'पुनरागमनाय च' म्हणतो. मुलाचं आजारपण घेऊन निघालेली बाहुली परत यावी असं कुठल्या आईला वाटेल?

या बाहुलीचं मूळ 'काताशिरो'त आहे. 'काता' म्हणजे आकार, 'शिरो' म्हणजे बदली. माणसाच्या आकाराचा कागद अंगावरून फिरवायचा, त्यावर फुंकर घालायची, की अंगाला चिकटलेलं अशुभ, ज्याला ते 'केगारे' म्हणतात, ते त्यात उतरतं. मला तर यात आजीची मीठमोहऱ्यांची मूठच दिसते. ११व्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या लेखिकेनं लिहिलेल्या 'गेंजी मोनोगातारी' या कादंबरीतही हे आहे. सुमा नावाच्या किनाऱ्यावर नायक गेंजी शुद्धीचा विधी करवून घेतो आणि एक मोठी बाहुली होडीत घालून समुद्रात सोडतात. तेव्हा माझं मत 'उतारा'.

प्रतिसाद :
अर्थ बरोबर, पण भाव चुकतो हो. तिठ्यावर उताऱ्याचं लिंबू दिसलं की आपण मुलाला दंडाला धरून मागे ओढतो. इथे मुलं स्वतः बाहुली हातात घेतात! तोत्तोरी प्रांतातल्या मोचिगासे गावात हा दिवस जुन्या पंचांगाप्रमाणे तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या तिथीला येतो. पेंढ्याच्या पोत्याला जे गोल विणलेलं झाकण असतं, 'सांदावारा', तीच बाहुल्यांची होडी. त्यावर कागदाची नवरानवरीसारखी जोडी, शेजारी पीचच्या फुलांची डहाळी. किमोनो घातलेल्या मुली काठाशी उकिडव्या बसतात आणि ते झाकण अलगद सेंदाई नदीत ठेवतात. वाकायामाजवळच्या आवाशिमा देवळात तर ३ मार्चला लोकांनी आणून दिलेल्या बाहुल्या होड्यांत भरून समुद्रात सोडतात.

आम्ही नागपूरकडचे, त्यामुळे मला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा पुतळा, आठवली. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत आम्ही मिरवणुकीमागे धावायचो. कल्पना तीच, पण मारबत जाळतात. त्यात राग असतो, या बाहुलीवर कुणाचा राग नाही. आमच्याकडचा 'शिरवणे', म्हणजे पाण्यात बोळवणे, हा शब्दही चालला नसता, कारण शिरवतात ती मुलींच्या सणातली भुलाबाई, लाडाची माहेरवाशीण.

प्रतिसाद :
मग 'वाहणे' का नको? पाणी वाहतं, हमाल ओझं वाहतो, देवाला फूल वाहतात. ही बाहुली पाण्यावर वाहते, मुलाचं दुखणं वाहून नेते आणि तिला नदीला वाहतात. तिन्ही अर्थ एका क्रियापदात आहेत. जपानी 'नागासु'त यातला पहिलाच आहे, बाकीचे दोन आपल्या मराठीनं दिलेत. हा शब्द सोडू नका, कळकळीनं सांगतो.

मूळ प्रश्नकर्ती :
अगदी हाच हवा होता! वाक्य बदललं : 'मुली काठाशी बसून बाहुल्या नदीला वाहतात, आणि बाहुल्या त्यांचा ताप-खोकला वाहून नेतात.' शीर्षक 'वाहती बाहुली'. आठ वर्षांच्या भाचीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, बाहुलीला ताप आला तर? याला काय उत्तर द्यावं, कुणी सांगेल का?